ताठ मानेची शपथ

बंड पुकारताना सरदाराने आपल्या मंतरलेल्या तलवारीवर हात ठेवून शपथ घेतली होती, "यापुढे जो कुणी सरदारापुढे वाकेल, त्याची मान ही तलवार आपणहून उडवेल." लोक ताठ चालू लागले. जे सवयीने वाकले, ते गेले. "सवयी अशाच मोडाव्या लागतात," एवढंच तो म्हणायचा.

राजाला हरवून तो घरी परतला, तेव्हा त्याला लहानाचं मोठं केलेली दाई काठी टेकत दारात आली. म्यानातली तलवार खडखडू लागली. त्याने दोन्ही हातांनी मूठ दाबून धरली.

"माय, ताठ उभी राहा!"

"आता कसली ताठ होते रे मी? तुमच्या फरशा पुसून पुसून पाठीचं धनुष्य झालंय."

"मग जा! माझ्यासमोरून जा!"

"अरे, डोळे भरून बघू तरी दे तुला."

मूठ हातातून निसटायला लागली. काही सुचेना, तेव्हा तो धपकन जमिनीवर बसला, तिच्याहूनही खाली. तलवार शांत झाली.

"पडलास का रे, सोन्या?" म्हणत त्याला उचलायला दाई वाकली.