धाकट्याची निळी रेघ

धाकट्या भावाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला आता चौदा महिने झाले होते. निवृत्त ग्रंथपालांना ते पत्र पाठ होतं.

‘दादा, छपरावर सोलर बसवलंय. त्याचं ॲप तुझ्या टॅबवर घे आणि खालचा नंबर टाक. पिवळी रेघ म्हणजे छपरानं केलेली वीज, निळी म्हणजे मी वापरलेली. तब्येत जरा नरमच असते. फोनवर आपल्या दोघांनाही बोलता येत नाही, म्हणून ही युक्ती. सकाळी सहाला विजेची किटली लावतो. निळी रेघ उठली की समज, मीही उठलो. जमलं तर दोन ओळी लिही.’

बावीस वर्षांपूर्वी वडिलांची पुस्तकं वाटून घेताना ग्रंथपाल त्याला म्हणाले होते, “तुला काय कळतंय त्यातलं?” तेव्हापासून अबोला. धाकटा दूरच्या गावी एकटाच राहायचा. जन्मभर लोकांना पुस्तकं शोधून देणाऱ्या माणसाला आता दोन ओळी सापडेनात. मायना लिहायचा, खोडायचा, कागद घडी करून ठेवायचा.

टॅब मात्र ते रोज उघडत. सुरुवातीला धाकट्याची रेघ बेचैन होती. किटली सहाला, पण दिवे उजाडेपर्यंत जळत. ग्रंथपालांचा जीव टांगणीला लागे.

“आपणही बसवू या सोलर,” बायको म्हणाली. “त्या निमित्तानं तुम्ही उन्हात तरी जाल.”

दोन महिन्यांत यांच्याही छपरावर पॅनेल चढली. सोलरवाल्या बाईंनी जाताना टॅब मागून घेतला, पाच मिनिटं त्यात बोटं फिरवली आणि परत दिला. “काका, सगळं जोडून दिलंय. आता नुसतं बघत बसायचं.”

त्यानंतर धाकट्याचं बरं दिसू लागलं. रात्रीचे दिवे बंद झाले. किटली सहाऐवजी सातला लागू लागली.

“आळशी झाला,” ग्रंथपाल म्हणाले.

“बरा झाला म्हणा. बरं वाटलं की माणूस सातपर्यंत लोळतो. घरात बघतेय की मी.”

छपरावर ऊन असताना वीज वापरावी, म्हणून बायकोनं कपड्यांचं मशीन सकाळऐवजी दुपारी लावायला सुरुवात केली. त्याच आठवड्यात पाहतात तर धाकट्याची निळी रेघही दुपारी वर!

“बघ,” ग्रंथपाल हरखून म्हणाले. “न सांगता शिकला. रक्त एकच ना!”

“मग त्या रक्ताला दोन ओळी लिहा.”

“लिहितो. घाई काय आहे? रेघ चालू आहे.”

मग ते दोघं मुलीकडे तीन दिवस राहायला गेले. पहिल्याच सकाळी सात वाजले, आठ वाजले. किटली नाही. दुपारी मशीन नाही. रेघ जवळजवळ जमिनीला टेकलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. ग्रंथपाल ताट बाजूला सारून पुन्हा पुन्हा टॅब उघडत राहिले.

“अहो, फोन करा!”

“आणि दुसऱ्याच कुणी उचलला तर?”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातनंतर त्यांनी भीतभीत टॅब उघडला. निळी रेघ टुणकन वर आली होती. ग्रंथपाल चहा तसाच ठेवून टेबलाशी बसले आणि एका दमात लिहून मोकळे झाले.

‘पुस्तकांतलं मलाच काही कळलं नाही. तीन दिवस तू माझा जीव काढलास. रविवारी येतोय. किटलीत दोघांचं पाणी घाल.’

ते पायात चपला सरकवत होते, तोच बायकोनं पाकीट हातातून काढून घेतलं. “द्या इकडे. तुम्ही टपालपेटीपर्यंत जाल आणि खिशात घेऊन परत याल.”

ती गेली आणि सोलरवाल्या बाई वर्षाच्या तपासणीला आल्या. छपरावरून उतरून त्यांनी पाणी मागितलं. ग्रंथपाल आज बोलक्या मूडमध्ये होते. त्यांनी टॅब पुढे केला.

“हा माझा भाऊ. आज सात वाजता उठला.”

बाईंनी वाकून पाहिलं. “काका, हे तुमचंच घर आहे. मीच नाही का जोडलं? वर तुमचा नंबर आहे बघा.”

“मग त्याचं?”

“तोही आहे की. यादीत खाली गेलाय. थांबा हं.”

बाईंनी बोट लावलं. दुसरं छप्पर उघडलं. पिवळी रेघ झकास चढली होती. निळी कुठे दिसेना.

“ॲप अडकलं असेल,” ग्रंथपाल म्हणाले.

बाई एकेक दिवस मागे जात राहिल्या. एक महिना, चार महिने, नऊ महिने. प्रत्येक दिवशी पिवळा डोंगर आणि त्याखाली कोरी जमीन. यांच्या छपरावर पॅनेल चढली, त्याच्या चौथ्या दिवसावर बाईंचं बोट थांबलं. त्या दिवशी सकाळी सहाला निळी रेघ उठली होती. त्यानंतर कधीच नाही.

बाहेर फाटक वाजलं.

“टाकलं हो पेटीत!” बायको दारातूनच म्हणाली. “एकदाचं.”