तोंडी परीक्षा

दवाखान्यातली नोकरी सांभाळून ती सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन करत होती. रेंज स्वयंपाकघरातच यायची, म्हणून शेवटची तोंडी परीक्षाही तिथेच. “लस नाकारणाऱ्याला कसं समजावाल?” पडद्यावरच्या बाईंनी विचारलं. तिने आकडे धडाधड सांगितले. “हे पुस्तकातलं झालं. घरातलं सांगा.” घरात सासरे होते. दरवर्षी फ्लूची लस टाळायचे आणि तिचं व्याख्यान या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचे. नेमके तेच चष्मा शोधत आले. तिने पहिल्यांदाच साधं विचारलं, “बाबा, लस का नको वाटते?” सासरे ओशाळले. “सुईला घाबरतो गं. आजवर विचारलंस कुठे? नुसती समजावत राहिलीस.” “मी हात धरून बसले तर?” “मग येतो.” बाई हसल्या. “उत्तर मिळालं. पास.” सासऱ्यांनी डोकावून विचारलं, “आणि माझे मार्क?” बाई म्हणाल्या, “ते लस घेतल्यावर.”