पंच धरलास ना?

चांदीच्या टिकल्या पाडायचे दोन साचे दुकानदाराने समोर ठेवले. आमच्या जुन्या साच्यातून काही महिने टिकल्या वेड्यावाकड्या निघत होत्या. भोकं झिजली असणार, म्हणून भरदुपारी नवा घ्यायला आलो होतो.

"वहिनी, हा स्वस्तातला. पंच जरा हलतो, धरावा लागेल."

धरायची मला सवयच. वीस वर्षं पंच माझ्या बोटांत आणि हातोडी ह्यांच्या हातात. दुकानदाराने साच्यात पत्र्याचा तुकडा सरकवला, भोकात पंचाचा पोलादी दांडा उभा केला. ह्यांनी हातोडी उचलली, पंचाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "धरलास ना?"

हल्ली प्रत्येक घावाआधी ते असं विचारायचे. मला वाटायचं, नवरा काळजी करतो.

पण आत्ता माझे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते. पंचाजवळ कुणाचंच बोट नव्हतं, आणि समोर बघूनही ह्यांना ते दिसलं नव्हतं.

किती महिने असं चाललंय? रोज किती घाव?

"हा नको," मी दुकानदाराला म्हणाले. "ज्याचा पंच न धरता सरळ उभा राहतो, तो द्या."

ह्यांना कळलं. हातोडी खाली ठेवून त्यांनी चाचपत माझा हात शोधला आणि अंगठ्याने एकेक बोट मोजलं. तेवढ्याने भागलं नाही. पुन्हा मोजलं.