एकोणतीस मीटर

"एकोणतीस," मंजिरी टेप वाचत म्हणाली.

"नीट बघ."

"अहो, नीटच बघितलं. एकोणतीस."

गजेंद्रराव गाडीतून उतरले आणि त्यांनी दार आपटलं. मागच्या शनिवारी एकोणतीस, त्याच्या आधी तीस. गेले दोन महिने ते मानक नगरच्या कॉलनीमागच्या या रिकाम्या रस्त्यावर सकाळी सहाला येत होते, चाळीसच्या वेगाने गाडी पळवत होते आणि थांबवत होते. रस्त्यावर चुन्याच्या तीन रेघा. गाडी कुठल्या रेघेवर आली की मंजिरी रुमाल टाकणार, हे चालकाला आधी कळू द्यायचं नाही. रुमाल पडला की ब्रेक. मग त्या रेघेपासून पुढचं अंतर मोजायचं. उभी हयात रेल्वेचे ब्रेक तपासण्यात गेलेली, आणि मालगाड्या थांबवणाऱ्या माणसाला एक मारुती थांबवता येईना.

गाडी अठ्ठावीस वर्षांची. मोहन मेकॅनिकने आधी पुढच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम काढून झेन गाडीच्या डिस्क बसवल्या. त्या जुन्या रिममध्ये मावेनात म्हणून रिम मोठे आणले. मग वळताना टायर आत घासायला लागले, ते निस्तरलं. मग पेडल जड लागतं म्हणून भंगारातून पायाचा जोर वाढवणारा तिसऱ्याच गाडीचा बूस्टर आणला आणि त्याला जुळणारं मास्टर सिलिंडर चौथ्या गाडीचं. एवढा कुटाणा करून अंतर घटलं एक मीटर.

काल मोहननेही हात टेकले. "साहब, अब क्या रेल का ब्रेक लगा दूँ?" तो म्हणाला होता. "एक बार बाहर खड़े होकर देखिए, पहिया जाम होता है कि नहीं."

हे सगळं आर्यासाठी चाललं होतं. दर शनिवारी गजेंद्रराव नातीला आणायला गोमती नगरला जायचे. फेब्रुवारीत तिथल्या चौकात समोर ई-रिक्षा आली, गाडी वेळेवर थांबली नाही, रिक्षाला मागून धडकली आणि आर्याचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. "ब्रेकच लागला नाही," त्यांनी लेकीला सांगितलं. इथेच हिंदीत वाढलेली स्नेहा पोरीच्या टेंगळाला बर्फ लावत होती. मान वर न करता ती एवढंच म्हणाली, "बाबा, आर्या अब इस गाड़ी में नहीं बैठेगी." तेव्हापासून शनिवार त्यांना खायला उठायचा.

"तू चालव," ते आता मंजिरीला म्हणाले. "मला बाहेरून चाकं बघू दे."

मंजिरीला गाडी चांगली येत होती. बँकेत असताना ती रोज हजरतगंजपर्यंत चालवत जायची. गजेंद्रराव निवृत्त झाल्यापासून मात्र चावी त्यांच्याच खिशात असे. तिने सीट पुढे ओढली.

गाडी आली. दुसऱ्या रेघेवर त्यांनी रुमाल टाकला. गाडीने नाक खाली केलं आणि ती थांबली. टेप धरून ते पुढे चालत गेले आणि मध्येच थबकले, कारण पुढे चालायला अंतरच उरलं नव्हतं.

एकोणीस.

"तू आधीच ब्रेक दाबलास," ते चिडून म्हणाले. "रुमाल पडायच्या आत."

"रुमाल तुमच्या हातात होता."

त्यांनी तिला पुन्हा पाठवलं. साडेअठरा. तिसऱ्या वेळी त्यांनी ऐनवेळी रेघ बदलली. एकोणीस. टेपवरच संशय घेऊन त्यांनी तो झटकून पाहिला. मग ते स्वतः गाडीत बसले.

या वेळी त्यांनी मंजिरीच्या हातावरून नजर हलू दिली नाही. रुमाल पडला. पडलेला त्यांना दिसला. पाय उचलायचा, हेही कळलं. तरी पाय पेडलपर्यंत पोचेतो गाडी पुढे गेली होती.

एकोणतीस.

इंजिन बंद करून ते तसेच बसून राहिले. चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं, हे त्यांनी तीस वर्षं ज्युनिअरांच्या डोक्यात भरलं होतं. नियम त्यांनी अगदी काटेकोर पाळला होता. डिस्क बदलल्या, रिम बदलले, बूस्टर बदलला, सिलिंडर बदललं. चालक तेवढा शेवटपर्यंत तोच ठेवला.

नाचता येईना अंगण वाकडे, असं मंजिरीला म्हणता आलं असतं. तिने टेप गुंडाळला आणि ती खिडकीपाशी येऊन उभी राहिली. गजेंद्ररावांना लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. तो चौक, ती ई-रिक्षा पुन्हा डोळ्यांसमोर आली, आणि या वेळी दोष द्यायला ब्रेक नव्हता.

ते उतरले. चावी मंजिरीच्या हातात दिली. मग खिशातून फोन काढून त्यांनी लेकीला लावला.

"स्नेहा, आर्याला तयार ठेव, घ्यायला येतोय. गाडी आता एकोणीस मीटरमध्ये थांबते."

"बाबा, प्लीज यार," स्नेहा कंटाळून म्हणाली. "फिर वही ब्रेक."

"आई चालवणार आहे."



"आई चलाएगी," स्नेहा हळूच म्हणाली, "तो पुराने ब्रेक भी ठीक थे, बाबा."