तळ्याकाठी लाल किती?

ॲडिरोंडॅकच्या डोंगरात पानगळीआधीचे पानांचे लाल-पिवळे रंग बघायला त्या आठवड्यात कुठल्या तळ्याकडे जावं, हे सव्वीस वर्षं म्हातारा वेंडेलच शरद ऋतूत दर बुधवारी पर्यटन कचेरीला फोनवर कळवत आला होता.

"तुझी लॉर्ना जाऊन सहा महिने नाही झाले. या वर्षी राहू दे की," शेजारीण म्हणाली.

"झाडं थांबलीत का?" असं म्हणून तो काठी टेकत टेकत डोंगरावरच्या टेहळणी मनोऱ्यावर चढला.

वर एक पाहुणी फोटो काढत होती.

"बाई, तळ्याकाठी लाल किती झालंय हो?"

"तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं की. पण लाल आणि हिरवं मला जन्मापासून सारखंच." त्याने वही उघडली. "सावकाश बघून सांगा. आमची लॉर्ना अंदाजपंचे कधी सांगायची नाही."