खंडेनवमीची सुपारी

मेंढीच्या रक्तात पेशींनी सोडलेले सूक्ष्म फुगे मला वेगळे काढायचे होते. आधी पेशी तळाशी बसवायच्या, म्हणून नळ्या यंत्रात गरगर फिरत होत्या. तेवढ्यात मेंढीच्या गावाहून, झरीहून, फोन आला: ती मेंढी फाशी रोगानं, म्हणजे अँथ्रॅक्सनं, मेली. तो रक्तातून माणसालाही होतो. मी फोन ठेवला आणि यंत्र थडथडायला लागलं. आत काच तडकल्याचा आवाज आला. मी बटण बंद केलं. "मामा, अर्धा तास झाकण उघडू नका, आत उडालेलं रक्त खाली बसू दे," मी म्हणाले. पण चाक थांबताच मामांनी, आमच्या म्हाताऱ्या शिपायानं, झाकण उघडून आत हात घातला आणि एका नळीखालून सुपारी काढली. "चुकलं म्याडम. परवा खंडेनवमीला मशीन पुजली, तवा ठिवली व्हती." नारळ फोडताना चिरलेल्या त्यांच्या बोटावर लाल ठिपका होता. "कुंकू हाय ह्ये," ते म्हणाले. तो ठिपका बोटावरून खाली उतरू लागला. कुंकू ओघळत नसतं.