नर्मदेच्या अलीकडे

"उजव्या हातावर पळीभर पाणी घ्या," शशिकलाबाई म्हणाल्या, आणि आपलाच आवाज ऐकून त्यांना वाटलं, अगंबाई, हे कोण बोललं!

भोपाळच्या बरखेड्यातल्या त्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत विजय आणि सुचेता पाटावर बसले होते. समोर चौरंग, केळीचे खांब, आतून रवा भाजल्याचा वास. शेजारपाजारच्या बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यातल्या निम्म्या तरी सत्यनारायणासाठी कमी आणि बाईमाणूस पूजा सांगतं म्हणजे नक्की काय करतं, ते बघायला जास्त आल्या होत्या. नेहमीचे गुरुजी गावाला गेले म्हणून सुचेतानं हट्टानं शशिकलाबाईंना बोलावलं होतं. पुण्याला बहिणीकडे राहून त्या पौरोहित्य शिकून आल्या होत्या खऱ्या, पण दुसऱ्याच्या घरी पूजा सांगायची ही पहिलीच वेळ. आज फजिती झाली तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे त्यांना कळत होतं. आणि बोलावलं तरी आपण जाणार नाही, हेही कळत होतं.

विजयचे वडील नरहरराव कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. बाईनं पूजा सांगायला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, पण हो तरी कुठे म्हटलं होतं! दाराशी खुर्ची ओढून पेपर उघडून बसले होते, आणि पान काही केल्या उलटत नव्हतं.

संकल्प सुरू झाला. सगळं कसं घडाघडा पाठ होतं. "गोदावर्याः दक्षिणे तीरे" इथवर शशिकलाबाई आल्या आणि थबकल्या.

गोदावरीच्या दक्षिण काठावर. पुण्याच्या वर्गात हेच म्हटलेलं, तिथे कधी अडखळायला झालं नाही. पण पूजा कुठे चाललीय ते देवाला सांगायची ही जागा, आणि आपण बसलोय भोपाळात. गोदावरी राहिली कुठल्या कुठे!

विजयच्या तळहातावरचं पाणी बोटांच्या फटींतून गळायला लागलं. नवऱ्याच्या हाताला हात लावून बसलेली सुचेता वर बघायला लागली. म्हणून टाकावं का तसंच? कुणाला कळतंय? गुरुजी इतकी वर्षं तेच तर म्हणत आलेत. पण चुकीचा पत्ता सांगून देवाला बोलवायचं कसं? आणि बदलायचं तर ते बदलणाऱ्या आपण कोण, काल-परवा शिकलेल्या? शशिकलाबाईंना सगळं तिथंच टाकून मागच्या दारानं घर गाठावंसं वाटलं.

"काय झालं? विसरलात?" नरहररावांनी पेपर खाली केला.

बायकांच्या माना शशिकलाबाईंकडे वळल्या.

"विसरले नाही, काका," त्या म्हणाल्या. "यात आपण कुठे बसलोय ते सांगायचं असतं. पोथीत गोदावरीचा दक्षिण काठ आहे. आपण तर तिथे नाही ना!"

कुणीतरी खुदकन हसलं. नरहरराव हसले नाहीत.

"गुरुजी काय म्हणायचे?"

"हेच म्हणायचे."

"पहिल्यापासून?"

"हो, काका."

"म्हणजे विजयची मुंज, दरसालचा गणपती, सगळं गोदावरीच्या काठी?" म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. "अहो, मग देवानं आम्हाला शोधलं कुठे इतकी वर्षं? नाशकात?"

आता मात्र अख्खी सतरंजी हसली. शशिकलाबाईंनाही हसू आवरेना. हुश्श! चूक आपली नव्हती, आणि ती दाखवली म्हणून छप्परही कोसळलं नव्हतं.

"नर्मदा म्हणायला हवी," त्या म्हणाल्या. "काठ तेवढा पक्का करू या. उत्तरेचाच ना?"

"बाबा, नागपूरला जाताना बुदनी स्टेशनानंतर नर्मदेचा पूल लागतो ना?" विजयनं विचारलं. हात त्यानं अजून तसाच पुढे धरला होता, बिचाऱ्यानं.

"लागतो. तुझी आई झोपलेल्यांना उठवून उठवून हात जोडायला लावायची. अख्खा डबा वैतागायचा तिच्यावर." नरहररावांनी पेपराची घडी घातली. मग खाकरून म्हणाले, "पूल ओलांडला की दक्षिण. आपण अलीकडे. उत्तर काठ, अगदी बिनधास्त म्हणा. लिहून घ्या हवं तर."

"लिहायला कशाला हवं? आता नाही विसरायची," शशिकलाबाई म्हणाल्या, आणि आपण हे इतक्या ठसक्यात बोललो याचं त्यांना फार बरं वाटलं. "विजय, ते पाणी सोडा ताम्हनात. नवीन घ्या. आपण पहिल्यापासून सुरू करू."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. संकल्पात गोदावरीच्या आधी येणारं दंडकारण्यही आपलं नव्हे, म्हणून तेही गाळलं. पाठ असलेलं सरळ म्हणून झालं. पण नव्या शब्दांपाशी जीभ जरा जपून चालली आणि "नर्मदायाः उत्तरे तीरे" म्हणताना आवाज अगदी तोंडातल्या तोंडात गेला.

"अहो गुरुजी!"

शशिकलाबाईंनी दचकून मान वळवली. नरहरराव खुर्ची सोडून खाली उतरले होते. बायकांना बाजूला सरकवत, गुडघे धरत, ते थेट पाटामागे येऊन मांडी घालून बसले आणि त्यांनी हात जोडले.

"जरा मोठ्यानं म्हणा. नर्मदा इथून लांब आहे."